शशिकलाताईंच्या नावावरच्या गोळ्या

बदलीवर चंडीगढला आलेल्या आम्हा मराठी घरांत शशिकलाताईंचा शब्द चालायचा. त्या इस्पितळाच्या इमर्जन्सीत सिस्टर होत्या. मूल तापलं की आधी त्यांच्याकडे धाव, डॉक्टर नंतर. गुरुनाथ हा औषध कंपनीचा विक्रेता, त्यांचा मानलेला भाऊ. रविवारी त्यांच्याकडे जेवायचा, भाऊबीजेला ओवाळून घ्यायचा. "आपला माणूस आहे," म्हणत मंडळाच्या गणपतीत ताईंनीच त्याची सगळ्यांशी ओळख करून दिली होती.

शहात्तर सालच्या एप्रिलात, परीक्षेच्या दिवसांत, भरदुपारी मित्रांनी एका विद्यार्थ्याला धरून आणलं. घामानं निथळत, डोळे फाडून "मला मारायला आलेत" असं तो मराठीत ओरडत होता. वॉर्डबॉय त्याला खाटेला बांधायला धावले.

"बांधो मत जी," ताई म्हणाल्या. "जितना लडेगा, उतना और तपेगा."

त्यांनी गर्दी हटवली, पडदा ओढला, अंगावर ओली चादर घातली. बाकीच्यांना गप्प करून एकट्याच हळू आवाजात बोलत राहिल्या.

"कुणी बांधणार नाही, बाळा. माझा शब्द आहे. सुई टोचू देशील? जरा शांत वाटेल."

त्यानं दंड पुढे केला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं.

अंग निवल्यावर ताईंनी विचारलं, "काय घेतलं होतंस?"

"जागरणाच्या गोळ्या. गुरुनाथदादा देतात आम्हाला. म्हणाले, शशिकलाताईसुद्धा घेतात नाइट ड्यूटीला, काही होत नाही." मग चाचरत म्हणाला, "त्या इथंच असतात ना? मी कधी पाहिलं नाही त्यांना."

ताईंच्या हातातली चादर तशीच राहिली.

त्यांनी डॉक्टरांना गुरुनाथचं नाव सांगितलं, मंडळातही सांगितलं. पण मंडळातले थोर लोक! "परमुलखात आपल्याच माणसाची शोभा कशाला?" म्हणत त्यांनी त्या पोरालाच गाठून गप्प केलं. ताईंचे यजमान वामनराव तिथं बसून मान डोलावत होते. मला आजही संताप येतो. त्या वर्षी गणपतीची आरती गुरुनाथच्या हातून झाली. ताई आल्या नाहीत.

पुढे दिवाळीत मुलीचा हात भाजला म्हणून मी इमर्जन्सीत गेले. ताई पट्टी बांधत होत्या. शेजारच्या बाकावरच्या नव्या बाईनं आमचं मराठी बोलणं ऐकलं असावं. तिचा चेहरा खुलला.

"अगंबाई, सिस्टर, तुम्ही आपल्यातल्याच की!"

ताईंनी मान वर केली नाही.

"नहीं जी," म्हणाल्या.