पावाला बुरशी का येईना

आमच्या चाळीत चकाचकबाई राहते. तिचं खरं नाव फक्त तिच्या हजेरीपत्रकात. हॉस्पिटलच्या पुरुष वॉर्डात ती सफाईला आहे, आणि घरी आली तरी तिचा हात थांबत नाही. तुमच्याशी बोलताना डोळे तुमच्याकडे असतात, फडकं आपलं काम करत असतं. सफाईवाल्यांच्या पगारवाढीसाठी आम्ही युनियनवाल्यांनी मॅनेजरच्या केबिनबाहेर धरणं धरलं होतं, तेव्हा ही बया घोषणा देता देता त्याच केबिनची काच पुसत होती. मी कपाळावर हात मारून घेतला.

घरात ती आणि तिची लेक. लेक सहावीत. शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं आणि टेबल मोजक्याच पोरांना मिळणार होतं. बाकीच्यांनी रांगेत फिरून दुसऱ्यांची टेबलं बघायची. ते पोरीच्या फार जिव्हारी लागलेलं, कारण गेल्या वर्षी ती रांगेत होती. तिचा प्रयोग सोपा. पावाच्या तीन स्लाइस, तीन डबे. एक स्लाइस कोरडी, एक पाणी शिंपडलेली, एक खिडकीत उन्हाला. कुठे बुरशी आधी येते ते बघायचं. सोमवारी शाळेतल्या बाई तपासणार, मग टेबल कुणाला ते ठरणार.

"मावशी, तू बस ना माझ्याबरोबर. आईला यातलं काही कळत नाही."

"मला तरी काय कळतंय?"

"तुला भांडता येतं. टेबल नाही दिलं तर?"

एवढा विश्वास कुणी दाखवल्यावर मी बसणारच. आईला पोरीने एवढंच बजावलं, "डबे जागचे हलवू नकोस. सोमवारी बाई बघणार आहेत."

रोज संध्याकाळी आम्ही दोघी डब्यात डोकं घालायचो. दोन दिवस काही नाही. ठीक आहे, म्हटलं, बुरशीलाही वेळ लागतो. मग आणखी दोन दिवस. ओली स्लाइससुद्धा जशीच्या तशी, पांढरीफेक. पोरीच्या वर्गातल्या एकीच्या पावाला म्हणे दाढी फुटली होती, आणि आमचा पाव नवरदेवासारखा गुळगुळीत. मला काही सुचेना. भाड्याच्या खोल्यांत आयुष्य गेलं माझं. बुरशी न बोलावता येते एवढं मला पक्कं ठाऊक. मग ही इथे रुसली कशावर?

आणि एकदम माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. बेकरीवाला! पावात नक्की काहीतरी औषध घालतो. लोकांच्या जिवाशी खेळ! तशीच चप्पल घालून गेले आणि गिऱ्हाइकांसमोर त्याला उभा फाडला.

तो शांतपणे म्हणाला, "ताई, गेल्या महिन्यात पाव दुसऱ्या दिवशी नासला म्हणून भांडायला आला होतात. आता नासत नाही म्हणून आलात. एकदा काय ते ठरवा."

गिऱ्हाइकं हसली. मी तणतणत परत आले, पण आतून पार गोंधळलेली. माणूस खोटं बोलत असेल तर मला वासावरून कळतं. हा खोटं बोलत नव्हता.

रविवारी पोरीला घेऊन मी जरा लवकर त्यांच्या घरी गेले. दार उघडंच होतं. चकाचकबाई खिडकीजवळच्या फडताळापुढे उभी. तिन्ही डब्यांची झाकणं काढलेली, हातात स्पिरिटचा बोळा, आणि ती ओल्या स्लाइसचा एक कोपरा हलक्या हाताने टिपत होती. पेशंटचं खरचटलेलं टिपावं तसा.

"आई! काय करतेस?"

"काळा ठिपका दिसला गं. उद्या बाई बघणार ना?"

"अगं, रोज टिपत होतीस?"

"दिसला की टिपते. डबे नाही हो हलवले. आहेत तिथेच आहेत."

तिच्या नोकरीत मोठे डॉक्टर राउंडला येणार म्हटलं की कोपरान् कोपरा लख्ख. एक डाग राहिला तर सगळ्यांसमोर बोलणी. बाई बघणार, एवढंच तिने ऐकलं आणि लेकीची लाज राखली. पोरगी भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. आईचं तोंड बघवेना. ती मला म्हणाली, "ताई, शाळेत घाण वाढवायला सांगतात? आणि त्याचे मार्क देतात? मग आम्हाला बोलणी का खायला लावतात?"

सोमवारी मी भांडायच्या तयारीने शाळेत गेले, पण पोरीने माझ्याआधीच बाईंना सगळं खरं सांगून टाकलं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग तेच कर. एक पाव पुसलेला, एक न पुसलेला. प्रदर्शनाआधी काही दिसलं तर टेबल तुझं."

झालं, नवीन पाव आला. पोरीने हुकूम सोडला, "स्पिरिट नको, सगळ्यांच्या घरात नसतं. साध्या फडक्याने पूस. मी लिहून घेते."

चकाचकबाई फडकं घेऊन उभी राहिली. उभीच राहिली.

"पूस ना!"

"तू अशी टक लावून बघतेस, हातच चालत नाही."

उभ्या जन्मात पहिल्यांदा त्या बाईला पुसायला सांगावं लागलं.

आणि बुरशी आली. पुसलेल्या पावाला आधी! हिरवी, केसाळ, टम्म. न पुसलेल्यावर कोपऱ्यात जेमतेम एक टिकली. आम्ही तिघी डब्यांकडे बघत बसलो. पोरीला वाटलं डब्यांची अदलाबदल झाली. चिठ्ठ्या तपासल्या, बरोबर होत्या.

"माझ्या हाताने?" एवढंच चकाचकबाई म्हणाली.

टेबल मिळालं. पोरीने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'पुसलेल्या पावाला बुरशी आधी आली. का, ते आम्हाला कळलेलं नाही.' आई ड्यूटीवरून थेट आली आणि पुठ्ठा वाचून लाजेने अर्धी झाली. "चारचौघांत असं लिहायचं? कळलं नाही म्हणून?"

परीक्षकांनी वाकून पाहिलं. "फडकं कुठलं होतं?"

"स्वयंपाकघरातलं," पोरगी म्हणाली.

"कोरडं?"

पोरीने आईकडे बघितलं. "ओलंच असतं नेहमी," आई पुटपुटली.

परीक्षकांनी मान हलवली, काहीतरी टिपलं आणि पुढे गेले. बक्षीस एका ज्वालामुखीला मिळालं.

जिना चढताना चकाचकबाई मधेच थांबली. "ताई, मग मी पुसू की नको?"

वीस वर्षं लोकांना काय करायचं ते सांगत आले मी. या वेळी पोरीकडे बघितलं.

पोरगी दोन पायऱ्या वरून म्हणाली, "पूस. पण एक फडकं उकळून घे, एक तसंच ठेव. दोन्हींनी पुसायचं. मी उद्या पाव आणते."

"परत? माझ्या फडताळात?"

"हो."

चकाचकबाईने माझ्याकडे बघितलं. मी तरी नाही म्हणेन या आशेने थांबली असावी. मग पदराला हात पुसत म्हणाली, "खालच्या कप्प्यात ठेव. वर भांडी आहेत."