पंगतीचं टोक

आमच्या घराण्यातले पुरुष पन्नाशी उलटली की पंगतीच्या टोकाला, मागच्या दाराशी बसत. रायपूरच्या मराठी मंडळींत याचं केवढं कौतुक! मधली जागा पाहुण्यांना सोडतात, किती नम्र माणसं. मीही मुलाला हे मोठ्या तोऱ्यात ऐकवायचो. तो ‘हाँ पापा’ म्हणून मोकळा व्हायचा.

मग माझी पन्नाशी उलटली आणि लघवी अडायला लागली. कॅन्सरच असणार, असं मनाशी ठरवून मी तोंड शिवून बसलो. शेवटी बायकोने समता कॉलनीतल्या दवाखान्यात जवळजवळ ओढतच नेलं. तपासण्या झाल्या. कॅन्सर नाही, प्रोस्टेट ग्रंथी साधीच वाढली आहे, गोळ्यांनी आराम पडेल, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा जीव भांड्यात पडला. वडिलांना, काकांना हा त्रास होता का, हे त्यांनी मग विचारलं. घरात कुणी कधी बोललं नाही, असं मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता ती पंगत डोळ्यांपुढे आली. भरल्या पानावरून उठणं म्हणजे यजमानाचा अपमान. टोकावरून मात्र गुपचूप सटकता येतं. सदर बाजारात खरेदी करताना बाबा मध्येच कुठे नाहीसे होत, तेही आठवलं.

वय असतंच, पण जनुकांत माणसागणिक बारीक फरक असतात, डॉक्टर सांगत होते. एखाददुसरा फरक फारसं काही करत नाही, बरेच जमले की धोका वाढतो. मुलाला होईलच असंही नाही. मी थक्क होऊन ऐकत होतो. डोळ्यांना न दिसणारं काहीतरी बापाकडून लेकाकडे येतं काय, आणि घराण्याची रीत ठरवतं काय! मला हसू आलं, आणि अंगावर काटाही आला.

गणपतीच्या महाप्रसादाला काका टोकाला बसले होते. बाबा गेल्यापासून त्यांच्या शेजारची जागा रिकामीच असे. मी तिथे बसलो आणि पानं वाढायच्या आधी हळू आवाजात त्यांना सगळं सांगितलं, गोळ्यांचंही.

“मले वाटे, हे माझ्या एकट्यालेच आहे,” काका म्हणाले. “दादालेही होतं का रे?”

मी होकारार्थी मान हलवली. दोघे भाऊ वर्षानुवर्षं इथेच मांडीला मांडी लावून जेवले होते.

काका उठले आणि मला आपल्या जागेवर सरकवलं.

“तू टोकाले बस,” ते म्हणाले. “मले आता या त्रासाची सवय झाली.”