खडकाच्या पोटातलं

किस्से कुणी जमवत नाय. विहिरीतल्या गाळासारखे ते आपोआप साचतात, न् उपसायला बसलं की संपत नाय. आमची टोळी गाळच काढते. मी खाली, चांदभाई वर यारीवर, म्हणजे टोपलं ओढायच्या यंत्रावर. शाळा मला दोन बुकांची, पण गाळ वाचता येतो!

या उन्हाळ्यात करमाडजवळ गयाबाईची विहीर धरली. मोसंबीची बाग वाळत चाललेली. पहिल्याच दिवशी म्हणली, "बाबा, पाणी नाय लागलं तर झाडं तोडायची. माझ्या हातानं लावलीत हो."

वरचा थर पाण्याच्या पाऊचचा. त्याखाली कॅरीबॅगा. पुरुषभर खोल गेलो, तरी तेच! शेवटी मडक्याची एक खापरी लागली. वर पाठवली तर चांदभाई ओरडला, "चला, माणसं लागली!"

*

मधीच शहरातल्या गुलमंडी बाजारातनं प्लास्टिकचं नवं टोपलं आणलं. दुकानदार म्हणला, "चाचा, नाती-पोतों तक चलेगा!" चार दिवसांत फुटलं. तसाच गेलो भांडायला. तुकडा त्याच्या गल्ल्यावर आपटला.

त्यानं शांतपणे बघितलं. "टूटा होगा चाचा. मरा क्या?"

तुकडा उचलून परत आलो; गाळातल्या कॅरीबॅगा त्याच्याच बाजूच्या होत्या.

*

गाळात एक बाटली सापडली. आत जिवंत खेकडा! बारका असताना घुसला असंल, आतच मोठा झाला. आता तोंडातनं निघंना. मला दया आली. विळ्यानं बाटली कापली. बेटा बाहेर आला, इकडं-तिकडं बघितलं, न् परत आत जाऊन बसला!

चांदभाई म्हणतो, "काका, गरिबाचं छत तोडलं तुम्ही."

*

गाळ संपला, काळा खडक लागला. कोरडा ठाक. गयाबाई काठावर बसून होती. मी खडकाला कान लावला. आत लई बारीक आवाज. पहार घातली. एक घाव, दोन घाव... भेग फुटली, न् आतनं फुस्सकन हवा आली. मग काहीतरी लाल बाहेर पडलं. त्याच्यामागं पाणी! बघता बघता घोट्याच्या वर!

लाल म्हणजे शाम्पूची पुडी. वरनं पडलेली नाय. माझ्या डोळ्यांदेखत खडकातनं आली. पहार टाकून मी हात जोडले. कुणाला, ते ठाऊक नाय.

पहिली बादली मालकिणीची असते. पुडी तीत तरंगत होती, तशीच वर पाठवली. गयाबाईनं पाणी डोळ्यांना लावलं, रडली. मग पुडी उचलली, उलटसुलट केली, न् वाकून मला विचारलं,

"बाबा, आत कोण न्हातंय ओ?"