सावली पुसायला नकार देणाऱ्या ताई

“नाही म्हणजे नाही. त्यात कठीण काय आहे?”

ताई हे जपानीत म्हणत, तेव्हा मीटिंगमधली सगळी माणसं आपापल्या वह्यांत बघू लागत. तुम्ही जपानात नोकरी केली असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, इथे तोंडावर नकार देत नाहीत. ‘जरा कठीण आहे...’ म्हणायचं आणि वाक्य अर्धवट सोडायचं. ताई समोरच्याचं वाक्यही पूर्ण करून टाकत.

त्सुकुबातल्या आमच्या प्रयोगशाळेत बुद्धमूर्तींच्या फोटोंच्या जुन्या काचेच्या प्लेट होत्या, शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या; फिल्म येण्याआधी फोटो अशा काचेवरच घेत. त्यांच्या डिजिटल प्रती करून पुस्तक निघायचं होतं. ताई पुण्याच्या, पन्नाशी ओलांडलेल्या, वर्षावर्षाच्या करारावर. मी त्यांच्या हाताखाली नवा. प्लेट उचलली की त्या दटावत, “श्वास रोख रे, काचेवर वाफ धरते.”

एकदा प्रमुखांनी फर्मावलं, सावल्या उजळा, मागचा अंधार कापा, सगळ्या मूर्ती सारख्या दिसू देत. ताई उठल्या. ट्यूबलाइट बंद केल्या, एकच पडदा वर केला आणि कोपऱ्यातलं प्लास्टरचं मस्तक खिडकीशी तिरकं ठेवलं. पापणी, ओठ, हनुवटीखालचा खळगा; चेहरा जागा झाला. मग त्यांनी दिवे लावले. तोंडाला पीठ फासल्यासारखं दिसू लागलं.

“त्या फोटोग्राफरनं सावलीतूनच आकार काढलाय. तीच पुसायची?”

“सुंदर,” प्रमुख म्हणाले. “पण पुस्तकाचा नमुना ठरलाय.”

“मग माझ्या हातून होणार नाही.”

एका प्लेटवर मूर्तीच्या पापण्या खालून उजळल्या होत्या. प्रमुखांच्या मते तो दोष होता, दुरुस्त करायचा. ताईंनी रजा टाकली आणि मला घेऊन थेट नारा शहरातलं, ती मूर्ती जिथे आहे ते देऊळ गाठलं. भिक्षू म्हणाले, “फोटो काढायला बंदी आहे.” ताई म्हणाल्या, “काढायचा नाहीये. बघत बसायचंय.”

सकाळपासून बसलो. माझे गुडघे बोलायला लागले. दुपारी ऊन अंगणातल्या पांढऱ्या खडीवर आलं, तिथून उसळून गाभाऱ्यात शिरलं आणि मूर्तीच्या पापण्या खालून उजळल्या. ताईंनी माझं मनगट घट्ट धरलं.

“बघ. दोष म्हणे! एवढ्यासाठी तो माणूस इथे थांबला असणार.” डोळे पुसत त्या पुढे म्हणाल्या, “आणि हे माझ्याकडून खोडून घेणार?”

परतल्यावर त्यांनी हे सगळं मांडलं. प्रमुखांनी मान डोलावली, आणि ते काम दुसऱ्याकडे गेलं. पुढच्या वर्षी करार वाढणार नाही, हेही ताईंना कळलं. मी चिडलो. त्या मात्र रोज नेमून दिलेलं काम आटोपून संध्याकाळी एकेक प्लेट पुन्हा घेत, जशी आहे तशी तिची प्रत करत. प्रत्येक प्रतीला एक टिपण जोडत: उजेड कुठून आला, पडदा की दार, सकाळ की दुपार. कुणी अडवलं नाही. अडवायला स्पष्ट बोलावं लागलं असतं.

पुस्तक निघालं, राखाडी आणि गुळगुळीत. त्यात ताईंचं नाव नाही. त्यांनीच काढायला लावलं.

शेवटच्या दिवशी रिवाजाप्रमाणे त्यांना चार शब्द बोलायला सांगितलं. आभार आणि माफी, एवढीच अपेक्षा होती. “माझी चूक नव्हती,” ताई म्हणाल्या. “प्लेट सांभाळा.” मग प्रमुखांकडे पाठ करून त्या प्लेटच्या कपाटासमोर उभ्या राहिल्या, कमरेतून खोल वाकल्या आणि बराच वेळ तशाच राहिल्या. मग त्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि लिफ्टसाठी न थांबता जिन्यानं उतरून गेल्या.