शमीमबींनी दिलेला ओटीपी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — तो चारचौघांत अभिमानाने सांगतो, हिच्यामुळे गोरगरिबांची कामं होतात.

शनिवार पेठेतल्या एका सरकारी कार्यालयात मी कंत्राटावर आहे. निराधारांची पेन्शन अडकली की लोक ऑनलाइन तक्रार करतात, ती आम्ही सोडवायची. न सोडवताच कुणी ती बंद करू नये म्हणून एक अट आहे — तक्रारदाराच्या मोबाइलवर ओटीपी जातो, तो त्याने दिला तरच तक्रार बंद होते. चांगली अट आहे. पण ज्याच्या तक्रारी तुंबतात त्याचं नाव साहेबांच्या स्क्रीनवर लाल दिसतं, आणि लाल नावांची कंत्राटं वाढत नाहीत.

शमीमबी बुधवार पेठेत बायकांना बांगड्या भरायच्या. हात थरथरू लागले, तेही सुटलं. त्यांची पेन्शन भलत्याच खात्यात जात होती. ते निस्तरायचं म्हणजे बँकेच्या खनपटीला बसायचं. कोण बसणार? मी त्यांना फोन केला. गोड बोलण्यात माझा हात धरणारी बाई पुण्यात शोधावी लागेल. शेजारणीने त्यांना बजावलं होतं, ओटीपी कुणाला द्यायचा नाही. मी म्हणाले, आकडा दिलात की पैसे सुटतील. मग त्यांनी त्याच शेजारणीकडून तो वाचून घेतला, मला सांगितला — वर दुवाही दिली. तक्रार निकाली निघाली.

तुम्ही म्हणाल, वरून दबाव असेल. होता. पण फोन मी केला.

दोन महिन्यांनी त्या खिडकीशी आल्या. पैसे नाहीत, आणि नवी तक्रार घेतली जात नव्हती — आधीची त्यांच्याच संमतीने मिटलेली ना! जुनी पुन्हा उघडता आली असती. फक्त तो ओटीपी मी खोटं बोलून घेतला, एवढं लिहून द्यावं लागलं असतं. लाज वाटली. फार वाटली. पण नोकरीच्या भीतीहून जास्त नाही.

"बेटा, फोनवर एक मुलगी बोलली होती," त्या म्हणाल्या. "तिला बोलव ना. तिला सगळं ठाऊक आहे."

"ती सोडून गेली, आजी." हे मी आवाज बदलून म्हणाले.

त्या समोरच्या बाकावर टेकल्या. "चांगली होती गं. ती असती तर झालं असतं माझं काम."

मी पुढचा नंबर पुकारला. बदललेल्या आवाजातच — त्या अजून तिथे बसल्या होत्या.