रिकाम्या नळ्यांवरचे बारकोड

दुकानात साबणाची वडी लाल उजेडासमोर धरली की ‘टुक’ असा आवाज येतो. त्या आवाजाने मला मळमळतं. बायको म्हणते, पित्त आहे. तिला खरं कधी सांगितलं नाही.

घाटंजीला मी रक्ताचे नमुने गोळा करायचं केंद्र चालवायचो. संध्याकाळी ते यवतमाळच्या प्रयोगशाळेत जायचे. प्रत्येक माणसासाठी बारकोडचे दोन स्टिकर, एक नळीवर, एक फॉर्मवर. लोकांना वाटतं त्या काळ्या रेघांत सगळी कुंडली भरलेली असते. काही नसतं. बिस्किटाच्या पुड्यावर, औषधाच्या खोक्यावर, कुरिअरच्या पाकिटावर असतो तसा नुसता एक नंबर. तो कोणाचा, हे संगणकाला आपण सांगायचं. आपण कशावर चिकटलोय हे रेघांना कळत नाही.

नियम साधा होता: आधी रक्त घ्यायचं, मग नाव विचारून स्टिकर लावायचं. मी सकाळीच, चहा पिता पिता, यादीप्रमाणे रिकाम्या नळ्यांवर स्टिकर डकवून ठेवायचो. रांग भरभर सरकायची. लोक म्हणायचे, काय हात आहे भाऊचा. मला ते गोड लागायचं.

एक दिवस राळेगावकडची एक मुलगी वडिलांबरोबर आली. सोयरीक ठरत आली होती, पण मुलगा सिकलसेलचा वाहक निघाला होता. म्हणजे स्वतः धडधाकट, दोष मात्र रक्तात. बायकोही वाहक असली तर मूल आजारी जन्मू शकतं, म्हणून हिची तपासणी. तिची शीर सापडेना. तिला बाजूला बसवलं आणि तिच्या मागची मुलगी आधी घेतली. तीही त्याच तपासणीला आलेली. नळ्या मात्र मी ओळीनेच उचलत गेलो.

पहिलीचा रिपोर्ट आला, वाहक. वडील एकटेच आले.

“डॉक्टरसाहेब, आमच्याकडे कोनालेच नाही हे.” मी डॉक्टर नाही हे मी कोणालाच सांगत नसे. “मशीन चुकत असन एखाद्या डाव. पोरीची शीर नोती सापडली न? तुमी दुसरीले आधी घेतलं. अजून एकडाव रक्त घेता का तिचं?”

तिथेच मला कळलं. तिच्या नावाच्या नळीत त्या दुसरीचं रक्त गेलं होतं. पुन्हा रक्त घेतलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. पण मग माझी पद्धत बाहेर आली असती, केंद्र गेलं असतं. मी तिचा फॉर्म यंत्राखाली धरला. टुक. पडद्यावर नाव आलं.

“हे पाहा, तुमच्याच पोरीचं नाव. माणूस चुकते बाप्पा, बारकोड नाही चुकत.”

त्यांनी पडद्यावरचं नाव बोट ठेवून वाचलं. मला हात जोडले आणि गेले. सोयरीक मोडली.

दोन वर्षांनी ती दुसरी मुलगी रक्त द्यायला आली, चौथा महिना लागलेला. जुना रिपोर्ट प्लास्टिकमध्ये जपून आणला होता.

“माहा साफ हाये न काका, म्हणून ह्यायचा केलाच नाही.”

“नवऱ्याला उद्याच आण.”

“काहून?”

तेव्हा सांगितलं: नळ्यांची अदलाबदल झाली, वाहक तूच. हातावरचा कापूस दाबून धरत ती ऐकत राहिली.

“आन् ते दुसरी?”

“बापाच्या घरीच आहे. नंतर कुठे जमलं नाही.”

“तिले सांगतलं?”

“नाही.”

“माह्या पोटात लेकरू आलं तवा तोंड उघडलं तुमचं. तिनं कायची वाट पाहावाची?”

तिच्या नवऱ्याचा रिपोर्ट साफ निघाला. मला हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाचीच शिसारी आली. दुसऱ्या दिवशी राळेगावची एसटी धरली.

वडील अंगणात तूर पाखडत होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं: मशीन नाही चुकलं, मी चुकलो, आणि तुम्ही विचारलं तेव्हा मला माहीत होतं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सूप खाली ठेवलं, हात झटकले आणि घराकडे तोंड करून हाक दिली.

“बाई, बाहेर ये. हे काय म्हणून राह्यले, ते तूच आयक.”

ती ओले हात पुसत दारात आली. मला सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगावं लागलं, तिच्याकडे बघून.