माने सरांचा संध्याकाळचा राउंड

बोर्डिंगच्या मुलांच्या आठवणी कधी एकट्या येत नाहीत. ट्रंकेतून आपला शर्ट ओढावा आणि त्याच्याबरोबर दुसऱ्याच्या दोन चड्ड्या बाहेर याव्यात, तसं होतं. वर त्या चड्ड्यांवर तिघं जण हक्क सांगतात! स्टुटगार्टमध्ये दोन हजार चौदाच्या उन्हाळ्यात आम्ही एवढ्या आठवणी बाहेर काढल्या, की त्यातल्या माझ्या किती आणि पश्याच्या किती, हे आता देवालाही सांगता यायचं नाही.

आम्ही म्हणजे तिघं. मी सावंत, गिअरबॉक्सवाला. पश्या, गाड्यांचे सुटे भाग मोजणारा. आणि दिघे, जो न्युरेम्बर्गला सॉफ्टवेअरमध्ये बारा माणसांचा टीम लीड आहे आणि हे दर अर्ध्या तासाने सांगतो. तिघंही साताऱ्याकडच्या एकाच निवासी शाळेचे. शाळा कधीच बंद पडली. जागेवर आता बंगल्यांची कॉलनी आहे.

तर त्या उन्हाळ्यात मेधाताईचा फोन आला. मेधाताई म्हणजे आमच्या रेक्टरांची, माने सरांची मुलगी. स्टुटगार्टला वीस वर्षं राहतेय, एकटीच. सरांना तिने तीन महिन्यांच्या व्हिसावर आणलं होतं. सरांचं विसरणं वाढलं होतं. आपण शाळेतच आहोत, असं त्यांना वाटायचं. संध्याकाळचे सहा वाजले की ते दार उघडून आवाराचा राउंड घ्यायला निघायचे! स्टुटगार्टचे चढ-उतार तुम्हाला माहीत आहेत. दोनदा पोलिसांनी घरी आणून सोडलं होतं.

"तीन महिन्यांनी काय करू रे?" ताई म्हणाली. "इथे ठेवायचं तर परदेशी लोकांच्या कचेरीत, आउसलेंडरबेहोर्डेत, अर्ज लावायचा. नाहीतर पुण्यात वृद्धाश्रम. वकील म्हणतो, अर्ज लावून बघू. पण बाबा इथे रमतील का, तेच कळत नाही. विचारलं की म्हणतात, मुलांच्या परीक्षा होऊ देत."

मग पश्याला कल्पना सुचली. शाळेच्या आवाराचा नकाशा काढायचा आणि ताईच्या गल्लीवर बसवायचा. सरांचा राउंड ठरलेल्या रस्त्याने होईल, बरोबर आम्ही कुणीतरी असू, आणि सर हरवणार नाहीत. आल्झो, म्हणजे थोडक्यात, तीन इंजिनिअर, एक शनिवार, संपलं काम!

असं आम्हाला वाटलं होतं.

*

पहिला शनिवार विहिरीत गेला.

विहीर भोजनगृहाच्या मागे होती, असं मी म्हणालो. दिघे म्हणाला, पुढे. पश्या म्हणाला, दोन विहिरी होत्या. भोजनगृह ते वसतिगृह अंतर दिघेच्या मते चारशे मीटर, माझ्या मते साठ पावलं. दिघेने लॅपटॉपवर नकाशा काढून त्याला "रिव्हिजन डी" असं नाव दिलं, कारण ए, बी आणि सी मध्ये विहीर वेगवेगळ्या ठिकाणी फिरून आली होती.

मग लक्षात आलं, की प्रत्येकाला आवारातली फक्त स्वतः मार खाल्लेली ठिकाणं आठवत होती. मधला सगळा भाग कोरा! त्या हिशेबाने पश्याचा नकाशा सर्वांत भरगच्च होता.

"नळ नेमके कुठे होते?" दिघेने त्याला विचारलं.

आता हा पश्या आठवडाभर मायक्रॉनमध्ये मोजतो. केसाच्या जाडीएवढा फरक आला तर सप्लायरचा माल परत पाठवतो. त्याने कागदावर सबंध तळहात ठेवला आणि म्हणाला, "इथंच कुठेतरी."

*

रेक्टर क्वार्टरच्या खिडकीबद्दल मात्र तिघांचं एकमत होतं. ती काच मी फोडली. पश्या म्हणाला, मी फोडली. दिघे म्हणाला, मीच, ऑफसाइडला मारलेला फटका होता. गेनाऊ, अगदी तोच फटका माझ्याही आठवणीत होता! आवाज चढले. मी तर माझ्या लग्नात बायकोला पहिल्यांदा सांगितलेली शौर्यकथा होती ती. सोडणार कोण?

मेधाताई चहा घेऊन आली. "कसली भांडणं रे?"

"खिडकी कोणी फोडली, त्याची."

"मी," ताई म्हणाली. "आतून. बाबांनी सहलीला नेलं नाही म्हणून पाटी फेकून मारली होती."

दिघेने लॅपटॉप मिटला.

"अगं, पण मार आम्ही खाल्ला!" पश्या ओरडला.

"हो, मी पडद्यामागून बघत होते की. म्हटलं, हे नसेल केलं तर दुसरं काहीतरी केलंच असेल."

ते खरंच होतं. आम्ही चहा प्यालो.

*

नकाशा पुरा झाल्यावर दिघेने तो मोठ्या कागदावर छापून आणला, रंगीत, गुंडाळी करून. सर वसतिगृह सांभाळायचे तसे भूगोलही शिकवायचे. त्यांनी चष्मा लावून कागद पाच मिनिटं पाहिला. आम्ही तिघं हात मागे बांधून उभे.

"उत्तर दिशा कुठाय?" सरांनी विचारलं.

राहिली होती.

"सूची? प्रमाण?"

प्रमाणावर एकमत न झाल्याने ते काढून टाकलं होतं, हे कोण सांगणार!

"शून्य," सर म्हणाले. "तिघंही अंगठे धरा."

चाळिशीतली तीन माणसं, एकाला मणक्याचा त्रास, आणि आम्ही वाकलो. विचार केला नाही, सरळ वाकलो. तेवढ्यात दिघेची सात वर्षांची ईरा दारात येऊन उभी राहिली. मराठी तिला कळतं सगळं, बोलते जर्मन.

"पापा, वास माख्स्ट डू दा?" काय करतोयस म्हणून.

बारा माणसांचा टीम लीड खालूनच म्हणाला, "योगा."

*

उत्तर दिशा घातल्यावर राउंड सुरू झाला. बसचा थांबा म्हणजे शाळेचं फाटक. दगडी जिन्याच्या वर भोजनगृह. आणि टेकडीमागे जर्मन लोकांचे छोटे छोटे बागेचे तुकडे आहेत, ते म्हणजे शाळेचा मळा. सरांना सगळं पटलं. मळा बघून तर ते खूश झाले. म्हणाले, "यंदा भेंडी चांगली आलीय." ती भेंडी नव्हती, पण वाद कोण घालतो!

इमारतीच्या जिन्यात मात्र वेगळीच गंमत झाली. स्टुटगार्टात ज्याची जिना झाडण्याची पाळी असेल, त्याच्या दारावर पाटी लटकवतात, केअरवोखेची. सरांनी ती वाचून घेतली, ताईला अर्थ विचारला आणि त्यांचे डोळे भरून आले. "म्हणजे सफाईची पाळी अजून चालू ठेवलीय पोरांनी!" दुसऱ्या दिवसापासून सर कठड्यावरून बोट फिरवून धूळ तपासायला लागले.

एका दुपारी दीड वाजता त्यांनी बरोबर आणलेली शाळेची शिट्टी फुंकली. खालच्या मजल्यावरची फ्राऊ वेबर तणतणत वर आली. सत्तरीची, ताठ, इमारतीत सगळे तिला टरकून असतात. ताईने घाबरत घाबरत भाषांतर केलं, "बाबा, त्या म्हणतायत एक ते तीन शांतता पाळायची असते. आणि रविवारी दिवसभर."

सर उठून उभे राहिले. "तीस वर्षं मी दुसरं काय सांगतोय!" आणि त्यांनी फ्राऊ वेबरला नमस्कार केला.

त्या रविवारी समोरच्याने गवत कापायचं मशीन चालू केलं. सरांनी जाऊन ते नुसत्या नजरेने बंद करवलं. पुढच्या रविवारी फ्राऊ वेबर स्वतःच ताईच्या दारात हजर. घाईत होती.

"हेअर रेक्टर कुठे आहेत?"

*

पण व्हिसा काही शिट्टीने लांबत नाही. तिसरा महिना अर्धा सरला. ताईने अर्जाचे कागद भरून ठेवले होते, सही केली नव्हती. "त्यांना इथे डांबल्यासारखं तर होत नाही ना रे? सकाळी बॅग भरून बसलेले असतात कधी कधी," म्हणाली आणि रडली. पश्याने ते कागद उचलून नीट लावून ठेवले.

एका रविवारी सकाळी ती पुण्याच्या वृद्धाश्रमाशी फोनवर बोलत होती. जागा आहे, म्हणत होते ते. फोन ठेवून बघते तर दार सताड उघडं आणि सर गायब!

मी आणि पश्या दहा मिनिटांत पोचलो. फाटक पाहिलं, भोजनगृह पाहिलं. ताई अनवाणीच धावत होती. शेवटी मळ्याकडे वळलो आणि तिघंही जागच्या जागी थांबलो.

बागवाले नऊ जर्मन रांगेत उभे होते. उंचीप्रमाणे! कुणाच्या हातात झारी, कुणाच्या डोक्यावर गवती टोपी. पहिली फ्राऊ वेबर, सर्वांत बुटकी म्हणून. समोर सर. कवायत चालली होती, आणि तीही शिट्टीशिवाय, नुसत्या हाताच्या खुणांवर, कारण रविवार होता.

ताई धावत पुढे गेली. सरांनी हात आडवा केला.

"थांबा बाई. पालकांनी मळ्यात यायचं नाही. कोणाच्या पालक तुम्ही?"

सरांनी तिला न ओळखण्याची ती पहिलीच वेळ. ताईचा चेहरा मला बघवेना. ती पालकांसारखी दोन पावलं मागे सरकली. मग म्हणाली, "दत्तात्रय माने. त्याच्या घरची आहे मी."

सरांचंच नाव!

सर विचारात पडले. "माने... हां हां. दत्तू. सुरुवातीला फार रडला हो. बॅग भरून बसायचा, घरी जायचं म्हणून. नवी मुलं बसतातच."

"आणि आता?" ताईने विचारलं.

"आता रमलाय. जेवतो नीट." सर जरा पुढे वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "एक सांगू? न्यायला येऊ नका. घरचं माणूस न्यायला आलं, की पोराचं चित्त उडतं. नुसतं भेटायला येत जा. रविवारी."

"आज रविवारच आहे, सर."

"मग भेटा की!" सर म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "सावंत, उभा काय राहिलास? पळ, माने कुठे दिसतोय का बघ. म्हणावं, घरचं माणूस आलंय."